छावणीतली कबर आणि करमाडचा दगड

नाना, तुम्ही खोटं बोलत होतात. हे वाक्य तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती कधी झाली नसती, आणि आता समोर तुम्हीच नाही, म्हणून कागदावर लिहिते. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे आणि तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. नाना काय गोड बोलायचे, नानांनी सांगावं आणि आपण ऐकत राहावं. मी मात्र गेले आठ महिने तुमच्या फोटोला हार घातलेला नाही. सून दर गुरुवारी विचारते, "आई, नानांसाठी हार आणू का?" मी म्हणते, राहू दे. तिला वाटतं मी म्हातारपणी विसरभोळी झालेय. वाटू दे.

तुम्ही छावणीच्या कचेरीत कारकून. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलात, उर्दूत परीक्षा दिल्यात, आणि पोलीस ॲक्शननंतर बघता बघता तुमची सगळी विद्या अडगळीत गेली. कोतवालीतल्या जुन्या उर्दू कागदांचे गठ्ठे तुमच्या कचेरीत आणून टाकले होते. त्यातलं काय ठेवायचं आणि काय जाळायचं हे ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. नवे साहेब कोणी पुण्याकडचे, कोणी वऱ्हाडातले, त्यांना अलिफ आणि बे यांतला फरक कळत नव्हता. तुम्ही कागद हातात धरून म्हणाल तो त्याचा अर्थ, आणि त्याखाली साहेबाची सही. तुम्ही तिथंच बिघडलात असं मला वाटतं. ज्याचं वाचलेलं कोणी तपासू शकत नाही, त्या माणसाला खरं सांगायची गरजच उरत नाही. मी एकदा पाटी घेऊन तुमच्यापुढे बसले होते, मला ती अक्षरं शिकवा म्हणून. "काय करायचंय तुला? ती लिपी आता बाद झाली. इंग्रजी शीक," म्हणालात आणि पाटी बाजूला सारलीत. तेव्हा मला वाटलं, मुलीच्या भल्याचं बघताय.

गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानाची देखरेखही तुमच्याकडेच होती. वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्यांपैकी एखादा गोरा पाहुणा आपल्या आज्या-पणज्याची कबर शोधत यायचा आणि साहेब त्याला तुमच्याकडे पाठवायचे. मग तुमचा रविवार फुलायचा. इस्त्रीचा कोट, काळी टोपी, हातात छडी. कडुलिंबाच्या सावलीतून तुम्ही पाहुण्याला फिरवायचात आणि प्रत्येक दगडापाशी थांबून एक गोष्ट सांगायचात. तापाने मेलेल्या प्रत्येक सोजिराला तुम्ही एकेक वाघ दिलात, नाना. औरंगाबादेच्या आसपास एवढे वाघ असते तर माणसं शिल्लक राहिली नसती. कोणाला प्रेमभंग दिलात, कोणाला बुडणारं मूल वाचवायला लावलंत. पाहुणे डोळे पुसायचे. आणि घरी आई तुमच्यासाठी चुरमुऱ्यांच्या सुशीलाची तयारी करून चुलीपुढे बसलेली असायची. चुरमुरे मऊ झाले की तुम्ही ताट सरकवता म्हणून तुमची चाहूल लागेपर्यंत तिने ते भिजवलेलेच नसायचे. तिच्याशी तुम्ही दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला असाल तर शपथ. घरच्यांसाठी तुमच्याकडे गोष्ट कधी नव्हतीच.

फाटकाशी माळीमामा असायचे. करमाडचे. महिनाभर फाटकाजवळच्या खोलीत राहायचे आणि अमावास्येला गावी जायचे, कारण त्यांच्या शेताच्या बांधावर एक दगड होता आणि त्याला शेंदूर लावून नारळ फोडायचा असायचा. तो दगड म्हणजे त्यांचा आजा. आजा इथंच छावणीच्या तबेल्यात मोतद्दार होता, घोड्यांना खरारा करणारा, दाणापाणी बघणारा. एक दिवस बैलगाडीतून त्याचं प्रेत गावात आलं, एवढंच घरच्यांना माहीत होतं. मामा ते सांगायचे तेव्हा हातातलं काम थांबवायचे नाहीत. "कुन्या सायबानं मारला म्हणतेत. कुन्या सायबानं, कशापाई, कुनालाच ठावं नाय. आजी कोतवालीत गेलती, तशीच रडत माघारी आली." हे त्यांनी तुम्हालाही सांगितलं होतं. मी तिथं होते, बादलीत चुना कालवला जात होता आणि मी लांबून बघत होते. मामा म्हणाले, "नाना, तुमी ती जुनी कागदं वाचता. त्यात आमच्या आजाचं काय हाय का बगा की. निस्तं नाव कळलं तरी लई झालं." तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसलात. म्हणालात, "बघितलं रे. कागदात काही नाही."

त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. विचारायची वेळ ठरलेली होती, नाताळच्या आधी कबरींना चुना द्यायला काढायचे तेव्हा. तुमचं उत्तरही ठरलेलं होतं. आणि मामा "बरं" म्हणून एकेका कबरीवर कुंचला फिरवत पुढे जायचे.

मग तो रविवार. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आणि तुमचा नेहमीचा दुभाष्या आजारी पडला म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. इंग्रजी तुम्हाला कळायचं, पण बोलताना तुमची जीभ अडखळायची आणि अडखळलेलं तुम्हाला चालायचं नाही. मी नवी साडी नेसले. आईने माझी वेणी दोनदा घातली. ज्या बाई आल्या होत्या त्या विलायतेच्या नव्हत्या, ऑस्ट्रेलियाच्या होत्या. साठीच्या पुढच्या, उन्हाने लाल झालेल्या, हातात टोपी. पलटणीला लागणारे घोडे त्या काळी त्यांच्या देशातून जहाजाने यायचे. त्यांचा आजा त्या घोड्यांबरोबर आला आणि घोडे शिकवायला इथंच राहिला. मागं बायको आणि लहान मुलं होती. दोन वर्षांनी घरी एक पत्र गेलं, तो वारला एवढंच कळवणारं. "तो कसा गेला, हे माझ्या आजीला मरेपर्यंत कळलं नाही," बाई म्हणाल्या. "मला तेवढंच जाणून घ्यायचंय."

नाना, मला आज हे लिहिताना दिसतंय ते तेव्हा दिसलं नव्हतं. त्या बाई आणि आपले मामा, दोघं एकच प्रश्न विचारत होते. माझा आजा कसा मेला? एकच माणूस त्याचं उत्तर देऊ शकत होता, आणि तो माणूस कोटाची बटणं नीट करत उभा होता.

तुम्ही छडी त्या कबरीच्या दगडावर हलकेच टेकवलीत. मी तुमचा चेहरा बघतेय. सांगायला लागण्याआधी तुम्ही डोळे किंचित मिटायचात, तसे मिटलेत. "हिला सांग, घोडा उधळला. मोतद्दार खाली पडला होता, तो टापांखाली जाणार एवढ्यात हा पुढे धावला. मोतद्दाराला ओढून बाहेर काढलं आणि स्वतः सापडला. सांग, शूर माणूस होता." मी सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी कुठून एवढं वाहत आलं कोण जाणे. बाई दगडाशी गुडघे टेकून बसल्या आणि रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. मामा फाटकापाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. जाताना बाईंनी अंगातलं फिकट हिरवं लोकरीचं जाकीट काढून माझ्या खांद्यावर घातलं. मी ते कॉलेजभर वापरलं. वर्गातल्या मुली त्याला हात लावून बघायच्या.

घरी आल्यावर मी सुशीलाची ताटली हातात घेतली तोच तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. तुम्ही कधी स्वयंपाकघरात येत नसायचात, म्हणून आई घाबरून उठलीच. "जेवढं सांगितलं जाईल तेवढंच बोलायचं असतं," तुम्ही म्हणालात. "ज्यादा अक्कल दाखवायची नसते. पुन्हा तुला नेणार नाही." आईने विचारलं, काय झालं हो? तुम्ही म्हणालात, काही नाही. आईला मी सांगितलं की जाकीट घेतलं म्हणून नाना रागावले. इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, नवऱ्याला, मुलांना. का रागावलात ते मी पुढे लिहिते. आधी तुमचं.

बाईंचं नाताळाचं कार्ड पुढे बरीच वर्षं यायचं आणि मी उत्तर लिहायची. मग कार्ड थांबलं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातीचं पत्र आलं, आजीच्या कपाटात माझी पत्रं सापडली म्हणून. त्यांच्या कुटुंबाला त्या कबरीवर एक पितळी पाटी बसवायची होती. त्यावर मोतद्दाराला वाचवताना प्राण दिल्याची हकीकत, आणि ती मी एकदा तपासून द्यावी अशी विनंती. मी आनंदाने तुमची ट्रंक उघडली. खरंच, नाना, आनंदाने. वाटलं, तुमच्या वहीत तारीख असेल, घोड्याचं नाव असेल, पाटी अगदी नेमकी होईल.

वही उर्दूत होती. पण तुम्हाला वाटलं होतं तशी ती लिपी बाद झालेली नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ती शिकले, मागच्या गल्लीतल्या आपांकडे. आपा उर्दू शाळेत शिक्षिका होत्या, माझ्याच वयाच्या. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही वाचायचो. तुमचं अक्षर घसरतं, मला सगळं लागत नव्हतं, म्हणून वही त्यांच्यापुढे ठेवली. कब्रस्तानातली एकूण एक कबर तुम्ही तिथं उतरवून ठेवली होती, कोतवालीच्या कागदांवरून, जाळण्याआधी. एकाही पानावर वाघ नव्हता. ताप, हगवण, दारू, बाळंतपण. सगळं खरं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते माझ्या हाती कधी लागणार नाही अशा लिपीत लिहून ठेवलंत. त्या कबरीचं पान आलं तशा आपा वाचता वाचता थांबल्या. वही माझ्याकडे फिरवली. म्हणाल्या, "ये तुमीच पढो. मैं नै पढती."

मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. एक घोडा लंगडायला लागला. साहेबाने मोतद्दाराला तबेल्यातल्या खांबाला बांधलं आणि लगामाच्या वादीने मारलं. दिवस मावळायच्या आत मोतद्दार मेला. राहणार करमाड. त्याची बायको कोतवालीत फिर्याद घेऊन आली, सोबत दोन लहान मुलं. खाली शेरा होता की इसम गोरा आणि छावणीच्या हद्दीतला, आपल्याला अधिकार नाही. साहेब पुढे चार महिन्यांनी दारू पिऊन मेला. मोतद्दाराचं नाव होतं, त्याच्या बापाचं नाव होतं, बायकोचंही होतं. आणि सगळ्याच्या शेवटी वेगळ्या शाईत तुमची स्वतःची एक ओळ. "हा आपल्या माळ्याचा आजा. सांगितल्यास काम सोडून जाईल."

एवढंच? चुना द्यायला माणूस मिळणार नाही, एवढंच? ज्याने आज्याला मारलं त्याची कबर तुम्ही नातवाकडून वीस वर्षं पांढरी करून घेतलीत. तो दर वर्षी कुंचला हातात धरून तुम्हाला विचारत होता आणि तुम्ही चष्मा पुसत होतात. तुम्हाला झोप कशी लागायची हे विचारणार होते, पण मला आठवतं, तुम्ही छान झोपायचात, घोरायचात सुद्धा. आपा तुमची बाजू घ्यायला बघतात. म्हणतात, "नौकरी चली जाती बेचारे की, ऐसा सोचे होंगे." असेल. मामांचं पोट त्या नोकरीवर होतं हे खरं. पण मग ते तुम्ही मामांना ठरवू द्यायचं होतं. तुम्ही ठरवणारे कोण? मामा न कळता मेले, नाना. तुमच्या नंतर सहा वर्षांनी. मी मातीला गेले होते आणि तुमची लेक म्हणून लोकांनी मला पुढे बसवलं.

आता ते दुसरं, ज्यासाठी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आला होतात. हे तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहायला बसलेय तर लिहिते. बाई रडून उठल्यावर त्यांनी विचारलं होतं, त्या मोतद्दाराचं पुढे काय झालं? मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "सांग, माहीत नाही." मी ते सांगितलं नाही. मला त्यांचा चेहरा पुन्हा उजळलेला बघायचा होता, माझं इंग्रजी आणखी चालवून दाखवायचं होतं. मी म्हणाले, मोतद्दार पुष्कळ जगला, आणि तो बघा, त्याचा नातू. आपल्या आज्याच्या उपकाराखातर तो ही कबर आयुष्यभर सांभाळतोय. आणि मी फाटकाकडे बोट केलं. मामांचा आजा मोतद्दार होता हे मला ठाऊक होतं, कोणा साहेबाने मारला हेही ठाऊक होतं. पण तो साहेब हाच असेल असं माझ्या मनातही आलं नाही. गोष्ट जुळत होती, म्हणून जुळवली. बाई धावत गेल्या, मामांचा चुन्याने फुटलेला हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. तांब्यातलं पाणी सांडलं. तुम्हाला इंग्रजी कळत होतं. तुमचा चेहरा दगडासारखा झाला होता आणि मला वाटलं, गोष्ट सांगण्यात मी तुमच्यावर ताण केली म्हणून तुम्हाला राग आलाय.

बाई गेल्यावर मामांनी मला विचारलं, "बाई कशापाई रडली गं माय? माझा हात कशापाई धरला?" मी म्हणाले, तुम्ही कबर स्वच्छ ठेवता म्हणून. मामा ओशाळवाणे हसले. मग म्हणाले, "ती तर समद्याच ठिवतो."

म्हणजे तुमच्या वहीवर मी चिडते तेव्हा मधेच मला माझंच ते बोट दिसतं, आणि मग मी आणखी चिडते. तुमच्यावरच. तुम्ही तिथल्या तिथं "पोरी, थांब" म्हणाला असतात तर? पण ते म्हणायला खरं काय ते सांगावं लागलं असतं.

ऑस्ट्रेलियाला मी सगळं लिहून टाकलं. वहीतलं पान जसंच्या तसं, आणि माझं बोटसुद्धा. दोन पानांत झालं. लांबच्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं असं दिसतं; तुम्हाला तर तेही जमलं नाही. नातीचं उत्तर महिन्याभरात आलं. पाटी बसवणार नाहीत. त्याऐवजी ती स्वतः येत्या हिवाळ्यात येणार आहे, करमाडला जाऊन त्या घरच्यांपुढे हात जोडायला. बांधावरच्या दगडाला नारळ वाहिला तर चालेल का, असं विचारलंय. दुभाषी म्हणून मी बरोबर यावं, माझ्या इंग्रजीवर तिच्या आजीचा फार भरवसा होता, असंही लिहिलंय.

म्हणून काल मी करमाडला गेले, तिच्या येण्याआधी सांगून ठेवायला. पिशवीत तुमची वही, त्या पानात मी केलेलं मराठी भाषांतर, आपांकडून दोनदा तपासून घेतलेलं. मामांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यातून रिटायर होऊन आता घरीच असतो. मला बघून केवढा आनंद झाला त्याला. "ताई आल्या, नानांच्या ताई," म्हणून सुनेला हाक मारली, सतरंजी झटकून टाकली. मग मला शेतात नेलं. तो दगड मी प्रथमच बघितला, नाना. गुडघ्याएवढाही नाही. शेंदराची पुटं चढून चढून त्याला नाकडोळे आल्यासारखे दिसतात. तो म्हणाला, "बा जाईस्तोवर सांगत व्हता. माह्या आजाचं नाव कुन्या कागदात घावलं तर नानांच्या घरी घावंल. नाना लई चांगला मानूस, त्यांनी लई शोधलं आपल्यासाठी."

लई शोधलं. तुमच्याबद्दल.

पिशवीचा बंद माझ्या हातात होता. मला फक्त वही काढायची होती. पण वही काढली की मामांचे नाना जाणार होते, आणि पाठोपाठ फाटकाकडे बोट करणारी मीही उघडी पडणार होते. त्याने सहज विचारलं, कोणी विचारावं तसं, उत्तराची फारशी आशा न ठेवता. "ताई, नानांच्या कागदात निगालं का काय?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तुमच्या वहीत त्याच पानात ठेवते. माझं अक्षर तरी मुलांना वाचता येईल. हिवाळ्याला तीन महिने आहेत, तोवर मला पुन्हा करमाडला जावं लागेल. काल मात्र मी त्याच्याकडे बघितलं नाही. चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाले, "नाही रे. कागदात काही नाही." तो "बरं" म्हणाला, आणि सुनेने आणलेला चहा आम्ही बांधावर बसून प्यायलो.